कोणाक इचारून?

कंपनीत माणसाची पायरी कळायची असेल तर त्याची पगारस्लिप बघू नये, प्रवासखर्चाचं व्हाउचर बघावं. पगार बंद पाकिटात असतो. व्हाउचर अकाउंट्सच्या टेबलावर उघडं येतं. माणूस कुठल्या वर्गाने गेला, कुठे उतरला, काय जेवला आणि कंपनीचा त्याच्यावर विश्वास किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. मुंबईतल्या एका औषध कंपनीत माझी सगळी नोकरी ह्या व्हाउचरांमध्ये गेली. आता देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. ज्या गोष्टीने नोकरीत बेचैन केलं ती इथे आल्यावर विरली नाही, उलट जास्त स्पष्ट दिसायला लागली.

कोकण सांभाळणारा आमचा एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं खपवणारा प्रतिनिधी, रत्नागिरीला असायचा. रत्नागिरी शहर त्याचं हेडक्वार्टर. पाली, लांजा, देवरुख ही एक्स-स्टेशनं, म्हणजे सकाळी जायचं आणि रात्री घरी परतायचं. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आउटस्टेशन, तिथे लॉजवर मुक्काम. प्रत्येकाचा भत्ता ठरलेला, किलोमीटरचा दर ठरलेला, लॉजच्या भाड्याला मर्यादा. महिना संपला की एक्स्पेन्स स्टेटमेंट माझ्याकडे यायचं आणि मी ते टूर प्रोग्रामशी ताडून बघायचो. त्याला एसटीची तिकिटं स्टेपल केलेली असायची. पावसाळ्यात ती भिजलेली, शाई उडालेली. आकडा वाचता आला नाही तर रक्कम कट करायची, असा नियम होता. एकदा त्याचा फोन आला, "साहेब, परशुराम घाटात दरड आली होती, रात्री चिपळूणलाच अडकलो. लॉजवाल्याकडे छापील पावती नव्हती, त्याने साध्या कागदावर लिहून दिलंय." त्या दिवशीच्या प्रोग्राममध्ये चिपळूण नव्हतं आणि पावती छापील नव्हती, म्हणून बिल अडलं. पुढच्या स्टेटमेंटला त्याने दरडीच्या बातमीचं कात्रण जोडून पाठवलं, तेव्हा कुठे ते वरच्या सह्या घेऊन पास झालं.

ह्या माणसाचं काम काय असतं ते ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉक्टरांची ओपीडी संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. ती कधी दुपारी दोनला संपते, कधी रात्री दहाला. पेशंट आत जात राहतात, हा बॅग सांभाळत भिंतीला टेकून उभा. मग दोन मिनिटं मिळतात, आणि त्या दोन मिनिटांवर कंपनीचा धंदा चालतो. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. आमच्या विक्रीचा प्रत्येक रुपया अशा कुठल्यातरी दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने आणलेला होता.

कंपनीची ट्रॅव्हल पॉलिसी म्हणजे एक पुस्तिका होती. पानंच्या पानं ग्रेडनुसार मर्यादा. कोणी थ्री-टायर एसीने जावं, कोणी विमानाने, कोणाला जेवणाचे किती. शेवटी एक ओळ होती, संचालक आणि त्यावरील पदांसाठी: 'ॲट ॲक्चुअल्स'. जेवढा झाला तेवढा. तिथे तिकीट स्टेपल करावं लागत नसे, कॉर्पोरेट कार्डाचं स्टेटमेंट पुरे. एका संचालकांच्या दिल्लीतल्या दोन रात्रींचं हॉटेलचं बिल आणि रत्नागिरीच्या एमआरचा अख्ख्या वर्षाचा लॉजखर्च ह्यात मोठी रक्कम कुठली, हे माझ्या डोळ्यांसमोर एकाच आठवड्यात आलं होतं. मोठी रक्कम हॉटेलची होती, आणि त्या बिलावर कोणीही प्रश्न विचारला नाही. विचारण्याची सोयच नव्हती, कारण सही करणारा अधिकारी संचालकांच्या हाताखालचा होता.

वरच्या माणसाला काहीच मिळू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. साठीकडे झुकलेला माणूस रात्रभर उडून फ्रँकफर्टला उतरणार आणि सकाळी नऊला कराराच्या टेबलावर बसणार असेल, तर त्याला आडवं व्हायला जागा मिळाली पाहिजे. त्या झोपेची किंमत कंपनीला परत मिळते. रात्री उशिरापर्यंत प्लँटवर थांबणाऱ्या माणसाला गाडी आणि ड्रायव्हर द्यायलाच हवा. कामासाठी लागणारी सोय आणि पदासोबत येणारी चैन ह्यांतली रेषा अकाउंट्समध्ये बसलेल्या कारकुनालाही दिसते. ती ओढण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो.

ह्या चैनीतली सगळ्यात वजनदार वस्तू म्हणजे गोल्फ क्लबचं सभासदत्व. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा, ताडदेवचा विलिंग्डन १९१८चा. अशा जुन्या क्लबांत पैसे आहेत म्हणून कोणी उद्या सकाळी सभासद होत नाही. त्यामुळे कॉर्पोरेट मेंबरशिपला फार भाव. सभासद कंपनी असते आणि खेळायला जाणारा तिने नेमलेला अधिकारी. आयकराच्या नियमात ह्यासाठी नीट लिहिलेली वाट होती. कॉर्पोरेट सभासदत्वाची सुरुवातीची फी अधिकाऱ्याच्या उत्पन्नात धरायची नाही. पुढचा खर्चही धरायचा नाही, पण त्यासाठी क्लबचा वापर पूर्णपणे कामासाठीच झाला पाहिजे. त्याची नोंद ठेवायची: तारीख, खर्चाचं स्वरूप, व्यवसायाची निकड. आणि कंपनीने तसा दाखला द्यायचा. रविवारी सकाळी सहा वाजता अठरा होलचा एक राउंड, त्यापुढे व्यवसायाची निकड काय लिहायची, हे ठरवून पाठवायचं काम कोणाकडे असतं? संचालकांच्या सेक्रेटरीकडे. एक कमी पगाराची बाई मोठ्या पगाराच्या माणसाच्या करमणुकीचं कारण शोधत बसलेली असते. मला हे दृश्य कधीच साधं वाटलं नाही.

खेळाबद्दल माझी तक्रार नाही, हे मनापासून सांगतो. अली शेर दिल्लीच्या गोल्फ क्लबवर कॅडी होता, दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचा, आणि १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली, १९९३ला पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरसिया हा रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळ सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा. हा क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. तिथेच तो खेळ शिकला, २००८ साली युरोपियन टूरची स्पर्धा जिंकला, आणि २०१६ व २०१७ अशी दोन वर्षं इंडियन ओपन त्याच्या नावावर आहे. ज्या हिरवळीवर त्याचा बाप नोकर होता त्याच हिरवळीने त्याला घडवलं. असा खेळ वाईट कसा म्हणता येईल? जो आपल्या खिशातून खेळतो त्याच्याशी माझं भांडण नाही.

गोल्फवर धंदा होतो, असं हमखास सांगितलं जातं. चार-पाच तास एकत्र चालणं होतं, माणूस मोकळा बोलतो, ओळखी घट्ट होतात. थोडं खरं असेलही. पण ज्यांनी हे आकड्यांनी तपासलं त्यांना वेगळं दिसलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड यरमॅक ह्यांनी कंपनीचं विमान खाजगी कामासाठी वापरणाऱ्या अमेरिकन सीईओंचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या कंपन्यांनी असा वापर जाहीर केला होता त्यांच्या शेअरचा परतावा बाजाराच्या मापाने वर्षाला चार टक्क्यांहून जास्त कमी होता. विमानाची किंमत काढली तर एवढी घसरण होण्याचं कारण नाही, म्हणजे खर्चामागे आणखी काहीतरी बिघडलेलं असलं पाहिजे. विमानाच्या खाजगी वापराशी सगळ्यात जवळचं नातं कशाचं निघालं? मुख्यालयापासून दूरच्या गोल्फ क्लबांच्या सभासदत्वाचं. पुढे बिगरस्टाफ, सिसेरो आणि पकेट ह्या तिघा अभ्यासकांनी अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेकडच्या हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूच्या कसबाच्या मापाच्या, नोंदी घेतल्या. कोण किती वेळा खेळला ते त्यात तारखेनिशी असतं. तीनशेहून जास्त सीईओंच्या नोंदी त्यांनी कंपन्यांच्या कामगिरीशी लावून पाहिल्या. सगळ्यात जास्त खेळणाऱ्यांच्या कंपन्यांची कामगिरी खालची निघाली, आणि ज्यांची स्वतःची मिळकत कंपनीच्या यशाशी कमी बांधलेली होती ते जास्त खेळत होते. गोल्फमुळे कंपनी बुडते असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याच्यावर कोणाची नजर नाही तो कामावरून हलतो, एवढंच त्यातून मला दिसतं. आणि तेवढं मला पुरेसं आहे.

माझ्या टेबलावरून जे दिसलं ते असं. चैनीच्या प्रत्येक बिलात तीन माणसं असतात. एक उपभोग घेतो, दुसरा सही करतो, तिसरा पैसे देतो. पहिले दोघं एकमेकांना ओळखतात. तिसरा त्या खोलीत नसतो. त्याला बातमी लागते तीही अपघाताने.

जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च निवृत्त झाल्यावरही कंपनीचं विमान, मॅनहॅटनमधलं घर आणि बरंच काही वापरत होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षात ह्या सोयींची किंमत जवळपास २५ लाख डॉलर होती, असं अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने पुढे नोंदवलं. भागधारकांना त्याचा तपशील कंपनीने सांगितला नव्हता. तो बाहेर आला २००२ साली, वेल्च ह्यांच्या पत्नीने घटस्फोटाच्या कागदपत्रांत लिहिला म्हणून. त्या नियामकाने २००६ साली नियम कडक केले आणि वर्षाला दहा हजार डॉलरच्या वरच्या सवलती सांगणं बंधनकारक केलं. नियम आला तो एका घरगुती भांडणातून उघड झालेल्या कागदानंतर, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

२००८च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर ह्यांचे प्रमुख सरकारकडे २५ अब्ज डॉलरची मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तिघेही आपापल्या खाजगी विमानाने. संसदेच्या समितीत त्यावरून जे व्हायचं ते झालं. डिसेंबरात पुन्हा गेले तेव्हा ते डेट्रॉईटहून मोटारीने गेले. प्रवास तोच होता. मधल्या काळात पैसे देणारा समोर येऊन बसला होता, एवढाच फरक पडला.

त्याच वर्षी एआयजी ह्या विमा कंपनीला सरकारने ८५ अब्ज डॉलर देऊन वाचवलं, आणि लगेच तिच्या एका उपकंपनीचं संमेलन कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या आलिशान हॉटेलात भरलं. बिल झालं चार लाख चाळीस हजार डॉलरच्या वर. त्यात गोल्फ होता, स्पा होता. न्यायाने सांगायचं तर तिथे गेलेले बहुतेक चांगला धंदा आणणारे एजंट होते, मुख्यालयातले साहेब नव्हते, आणि कार्यक्रम आधीच ठरलेला होता. तरीही कोणाला तो थांबवावासा वाटला नाही. पैसा आता करदात्याचा आहे, हे हिशोबाच्या वहीत आलं, पण वागण्यात उतरायला वेळ लागला.

आपल्याकडे हा हिशोब कायद्याने पकडायचा प्रयत्न २००५ साली झाला. पी. चिदंबरम अर्थमंत्री असताना फ्रिंज बेनिफिट टॅक्स आला. कंपनीने क्लबवर केलेल्या खर्चाचा निम्मा भाग ही सवलत समजायची आणि तिच्यावर ३० टक्के कर कंपनीनेच भरायचा. कंपन्यांना तो अजिबात आवडला नाही, आमच्या खात्यातही त्याच्या तक्त्यांनी जीव मेटाकुटीला यायचा. २००९ साली प्रणव मुखर्जी ह्यांनी तो काढून टाकला. त्या तक्त्यांच्या कंटाळ्यासकट मला तो कर योग्य वाटत होता. त्याच्या निमित्ताने निदान क्लबचा खर्च वेगळा काढून एका रकान्यात मांडावा लागत होता, तो दिसत होता. पुढे २०१७ साली जीएसटी आल्यावर क्लबच्या सभासदत्वावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, कंपनीला घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. आणि २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ने शेअर बाजारातल्या कंपन्यांना एक गोष्ट जाहीर करायला लावली, जी मला ह्या सगळ्यांत मोलाची वाटते: प्रत्येक संचालकाचा मोबदला त्या कंपनीतल्या मधल्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे.

औषधांच्या धंद्यात तर हा प्रश्न थेट पेशंटच्या उशाशी जातो. डॉक्टरांना भेटी, परदेश दौरे, हॉटेलं देण्याची रीत सगळ्यांना माहीत होती. २००९च्या शेवटी वैद्यकीय परिषदेने डॉक्टरांना ते घ्यायला मनाई केली. कंपन्या मात्र देत राहिल्या आणि तो खर्च करपात्र नफ्यातून वजा करत राहिल्या. २२ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात निकाल दिला की ही वजावट मिळणार नाही. अशा भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत घातला जातो, हेही न्यायालयाने नोंदवलं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका रक्तदाबाच्या गोळ्या पट्टीच्या पट्टी घेत नाहीत, मेडिकलवाल्याकडून दहापैकी पाच कापून घेतात. कात्री चालते तेव्हा मला त्या गोळ्यांमागचा सगळा खर्च डोळ्यांसमोर येतो. गोळी बनवायचा खर्च आहे, पोचवायचा आहे, रत्नागिरीच्या त्या माणसाच्या पायपिटीचा आहे, आणि बाकीचाही आहे.

कोकणच्या किनाऱ्याने हा बाकीचा खर्च अगदी जवळून पाहिलेला आहे. गेटवेहून मांडव्याला बोट तासाभराच्या आत पोचवते, २०२०पासून रो-रोने गाड्याही उतरतात. अलिबागच्या पट्ट्यात, किहीम, आवास, सासवण्याच्या बाजूला कंपन्यांच्या बैठका भरतात. आमच्या कंपनीचीही एक भरली होती, वरच्या अधिकाऱ्यांची, आणि बिलांच्या व्यवस्थेसाठी मला सोबत नेलं होतं. विषय होता खर्चकपात. सकाळच्या सत्रात पडद्यावर दाखवलं गेलं की फील्ड स्टाफच्या लॉजची मर्यादा यंदा वाढवायची नाही, कारण नफ्यावर ताण आहे. दुपारी जेवणाच्या टेबलावर नॉर्वेहून आलेला सॅल्मन होता. समोर समुद्र, जवळच कोळीवाडा, आणि ताटात बर्फातून हजारो मैल आलेला मासा. वाढायला गावातलीच पोरं होती, काळी पँट आणि पांढरा शर्ट घातलेली, हंगामी पगारावरची. त्यांतल्या एकाशी मी बोललो. त्याच्या वडिलांची आंबे-नारळाची वाडी त्याच रस्त्यावर होती, ती विकून झाली होती.

त्या पोरांना रोजगार मिळतो, हे खरं आहे आणि ते मी हलकं समजत नाही. आमच्या तालुक्यात हापूसचा हंगाम संपला की तरुण पोरांनी करायचं काय, हा प्रश्न आहेच. पण वाडीचा मालक वाढपी झाला, ह्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात होत नाही.

आणि जमिनीची भूक ह्याहून मोठी असते. अठरा होलच्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर लागतात. आमच्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात, आणि एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात. तेरेखोलला, जे गाव गोव्याचं पण नदीच्या ह्या काठाला, आपल्या रेडी-आरोंद्याच्या बाजूला आहे, तिथे किल्ल्याजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गोल्फ कोर्स आणि बड्या हॉटेलाचा घाट घातला गेला. काजूची झाडं, पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं, दोनशे-अडीचशे माणसांची वस्ती असेल नसेल. त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं. ज्याने आमचा सडा पाहिलेला आहे त्याला तिथे हिरवळ राखणं म्हणजे काय ते सांगायला नको. पावसात दीड-दोन महिने कातळावर फुलं येतात, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, मार्चपासून विहिरी तळाला जातात आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवाडीला टँकर येतो. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे घडतं, कारण कातळावरून पाणी तसंच समुद्राला जातं. अशा ठिकाणी बारा महिने हिरवळ ठेवायची तर माती बाहेरून आणावी लागेल आणि पाणी कोणाच्या तरी विहिरीतून. ह्या एका बाबतीत मला दुसरी बाजू दिसतच नाही.

वडील गिरणीत होते. गिरणगावात आमच्या गावकीची खोली होती. खाटा टाकायला जागा नाही, पाळीपाळीने झोपायचं, ट्रंका भिंतीला लावलेल्या. जे गावाहून नवे येत ते आधी तिथे उतरत. खोलीचं भाडं, दिवाबत्ती, कोणी आजारी पडला तर त्याला गावी पोचवायचा खर्च, देवळाच्या कौलांची वर्गणी, सगळं गावच्या मुंबई मंडळाच्या वहीत लिहिलं जाई. वर्षातून एकदा सभा, आणि सभेत वही पहिल्या पानापासून वाचायची. सारांश नाही, पान न पान. वडील काही वर्षं खजिनदार होते. मधेच एखादा म्हातारा उठायचा, "ह्यो चायचो खर्च कोणाक इचारून केल्यात?" चहा चार आण्यांचा असेल, पण उत्तर द्यावं लागे. कोण आला होता, किती जण होते, चहा का द्यावा लागला. वडिलांना त्या प्रश्नाचा राग येत नसे. ज्याने वर्गणी दिली तो विचारणारच, असं ते धरून चालत. १९८२च्या संपानंतर मिळकत आटली, खोली टिकवणं कठीण झालं, तरी वही वाचायचं कोणी सोडलं नाही.

गावात सगळं सरळ होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे मानपान आहे. पालखी आधी कोणाच्या अंगणात, नारळ कोणाच्या हातात, होळीला पहिला हात कोणाचा, हे घराघरांवर ठरलेलं आहे, आणि त्यावरून पालख्या बंद पडल्या आहेत, कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. काही घरांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त राबणूक आली आणि मान कधीच आला नाही. ह्या अन्यायावर मला पांघरूण घालायचं नाही. पण मानकऱ्याचा मान चारचौघांत, उजेडात होतो. तो दिवसाढवळ्या घ्यावा लागतो, आणि त्याच्याबरोबर येणारं काम आणि खर्चही त्यालाच उचलावा लागतो. कमी पडला तर गाव तोंडावर बोलतं. म्हणून तर ज्यांना तो अन्याय वाटतो त्यांना त्याविरुद्ध उभंही राहता येतं. ॲट ॲक्चुअल्सच्या विरुद्ध कोण उभं राहणार? ते कोणाला दिसतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. संचालकाला जास्त द्यायचं असेल तर पगारात द्या, उघड लिहा, त्यावर कर भरू द्या, आणि मग त्याने त्या पैशांतून गोल्फ खेळावा नाहीतर घोडा पाळावा. आणि जे कामासाठी लागतं ते त्या पुस्तिकेत सगळ्यांसारखंच मर्यादेसह लिहा. २०२०च्या टाळेबंदीत विमानं बंद होती, हॉटेलं बंद होती, ज्यांच्याशिवाय अडतं असं सांगितलं जायचं ते दौरेही बंद होते. औषधं बनत राहिली, करार होत राहिले. त्या वर्षी तरी आपण कुठला प्रवास गरजेचा होता आणि कुठला नव्हता हे नीट मांडून ठेवायला हवं होतं.

त्या टाळेबंदीने एक चांगलं केलं. कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा व्हिडिओवरून व्हायला लागल्या. पूर्वी मुंबईतल्या सभागृहात जाऊन बसणं आमच्या गावातल्या भागधारकाला शक्य नव्हतं. आता आधी नाव नोंदवलं तर त्याला गावातून बोलता येतं. आणि भागधारक आमच्याकडे आहेत. मुलं ठाणे-डोंबिवलीला असतात, ती आईबापांची डिमॅट खाती उघडून देतात. म्युच्युअल फंडात एसआयपी तर कितीतरी जणांची आहे. फंडात पैसे घातलेल्याला सभेत बोलता येत नाही, पण त्याच्या फंडाने कुठल्या ठरावावर काय मत दिलं ते सेबीच्या नियमाने जाहीर होतं, आणि संचालकांच्या मोबदल्याचे ठराव त्यात असतात. ते कुठे बघायचं हे मी आता लोकांना दाखवतो. शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी ह्यात सगळ्यांत पुढे आहेत. एका कंपनीचे त्यांच्याकडे थोडे शेअर आहेत. आम्ही दोघांनी मिळून तिचा वार्षिक अहवाल वाचला, कलम १९७चं परिशिष्ट काढलं, पट बघितली. गेल्या वर्षीच्या सभेत शाळेच्या इंटरनेटवरून गुरुजी जोडले गेले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "संचालकांच्या क्लब सभासदत्वावर वर्षभरात किती खर्च झाला, आणि तो कुठल्या शीर्षाखाली दाखवला आहे?" अध्यक्षांनी आभार मानले आणि लेखी उत्तर देऊ म्हणाले. ते ईमेलने आलं. रक्कम वेगळी दिलेली नव्हती, 'इतर खर्चा'त समाविष्ट आहे असं कळवलं होतं. यंदा गुरुजींनी बोलण्यासाठी पुन्हा नाव नोंदवलं आहे. ह्या वेळचा प्रश्न इतर खर्चाच्या फोडीचा आहे, आणि आम्ही दोघं तो लिहून काढतो आहोत.